रायफलीची 'बैठक' आणि नेमबाजाचा एक गुण

पॅरिस ऑलिंपिक स्पर्धेत ३१ जुलै २०२४ रोजी पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकाराची पात्रता फेरी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने या फेरीत ५९० गुण मिळवले आणि सातव्या स्थानासह आठ जणांच्या अंतिम फेरीत प्रवेश केला. मध्य प्रदेशचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ गुणांवर राहिला. तो अकरावा ठरला आणि त्याचे आव्हान तेथेच संपुष्टात आले. दुसऱ्या दिवशी कुसाळे याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या प्रकारातील भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक होते.

साठ गोळ्यांच्या फेरीत दोन भारतीय नेमबाजांमध्ये केवळ एका गुणाचे अंतर होते. एवढ्या अंतरावर पदकाची संधी ठरत असेल, तर नेमबाज आपल्या हातातील रायफलीच्या प्रत्येक भागाचा सूक्ष्म विचार का करतो, हे सहज लक्षात येते. काडतुसे, नळी, चाप यांची चर्चा नेहमी होते. मात्र रायफलीचा पोलादी भाग आणि त्याला आधार देणारा दस्ता यांचा मेळ कसा बसला आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. या मेळाला नेमबाजीच्या परिभाषेत 'बेडिंग' असे म्हणतात. मराठीत त्याला रायफलीची बैठक म्हणता येईल.

एक गुण म्हणजे किती अंतर?

पन्नास मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. त्यानंतरचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने आठ मिलिमीटरने मोठे असते. गोळीच्या छिद्राची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर धरला, तर गोळीचे मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत असल्यास दहा गुण आणि त्याबाहेर गेल्यास नऊ गुण, असा हा हिशेब आहे. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात. तेथे गुणाचा प्रत्येक दशांश ०.८ मिलिमीटरचा असतो.

पन्नास मीटर अंतरावरील आठ मिलिमीटर म्हणजे एकूण अंतराचा ६,२५० वा भाग. हेच प्रमाण सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीच्या नळीला लावले, तर नळीच्या तोंडाशी ते जेमतेम एक दशांश मिलिमीटर भरते. साध्या कागदाच्या एका पानाची जाडी साधारण एवढीच असते. म्हणजेच गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड कागदाच्या जाडीइतके जरी ढळले, तरी दहाचा नऊ होऊ शकतो.

अशा लक्ष्यावर २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने महिलांच्या ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले होते. साठ गोळ्यांत तिने केवळ तीन गुण गमावले होते. या दर्जाच्या कामगिरीत नेमबाजाचे कौशल्य निर्णायक असतेच. परंतु रायफलीने प्रत्येक वेळी एकसारखे वागणे ही त्याची पूर्वअट असते.

बैठक म्हणजे काय?

बोल्ट ॲक्शन रायफलीचे ढोबळमानाने दोन भाग करता येतात. पहिला भाग पोलादाचा. त्यात नळी आणि नळी जिच्यात घट्ट बसवलेली असते ती चौकट, म्हणजे रिसीव्हर, यांचा समावेश होतो. बोल्ट या रिसीव्हरमध्ये मागेपुढे सरकतो आणि काडतूस जागेवर बंद करतो. दुसरा भाग दस्त्याचा. तो लाकडाचा, प्लायवुडसारख्या थरांच्या लाकडाचा, फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. नेमबाजाचा खांदा, गाल आणि हात प्रामुख्याने दस्त्यालाच टेकलेले असतात.

हे दोन भाग बहुधा दोन स्क्रूंनी एकमेकांना जोडलेले असतात. रिसीव्हर दस्त्यातील ज्या खाचेत टेकतो, ती खाच त्याच्या आकाराशी तंतोतंत जुळणारी असावी, त्यावर पडणारा भार समान असावा आणि गोळी सुटल्यानंतर पोलाद पुन्हा त्याच जागी स्थिरावावे, यासाठी जे काम केले जाते त्याला बेडिंग म्हणतात.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. नेम धरण्याची पुढची आणि मागची साधने नळीवर व रिसीव्हरवर, म्हणजे पोलादावरच बसवलेली असतात. मग पोलाद दस्त्यात थोडे सरकले, तरी नेमाची रेषा त्याच्यासोबतच सरकेल. अशा स्थितीत नेम का चुकावा?

शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरातच बेडिंगचे मर्म आहे. केवळ सरकण्याने फारसे बिघडत नाही. बिघाड होतो तो ताणामुळे. रिसीव्हर उंचसखल बैठकीवर टेकला असेल, तर स्क्रू आवळताच तो किंचित वाकतो. हा वाक डोळ्यांना दिसत नाही, पण स्क्रू किती आवळला, हवा किती दमट आहे आणि नळी किती तापली आहे, त्यानुसार तो बदलत राहतो. त्याबरोबर नळी आणि नेमाची साधने यांचा परस्परसंबंधही बदलतो.

दुसरे कारण कंपनाचे आहे. चाप ओढल्यानंतर स्मॉलबोअर रायफलीची गोळी नळीतून बाहेर पडण्यास काही मिलिसेकंद लागतात. या अल्पावधीत नळी थरथरते आणि रायफल मागे सरकू लागलेली असते. हे कंपन पूर्णपणे थांबवता येत नाही. ते प्रत्येक वेळी सारखेच व्हावे, एवढीच अपेक्षा ठेवता येते. पोलाद एका गोळीच्या वेळी एका जागी आणि दुसऱ्या गोळीच्या वेळी वेगळ्या जागी टेकलेले असेल, अथवा नळी दस्त्याला कधी घासत असेल आणि कधी नसेल, तर ही अपेक्षा फोल ठरते.

लाकूड आणि पावसाळा

लाकडी दस्त्याच्या बाबतीत हवामान हा मोठा घटक ठरतो. लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. रेषांच्या दिशेने हा बदल नगण्य असतो, परंतु आडव्या दिशेने तो लक्षणीय असतो. दस्त्यांसाठी वापरले जाणारे अक्रोडाचे लाकूड तुलनेने स्थिर मानले जाते. तरीही पाच सेंटिमीटर रुंदीच्या अक्रोडाच्या तुकड्यातील ओलाव्याचे प्रमाण चार टक्क्यांनी बदलल्यास त्याची रुंदी जवळपास अर्ध्या मिलिमीटरने बदलू शकते. आठ मिलिमीटरच्या गुणासाठी नळीच्या तोंडाशी एक दशांश मिलिमीटर पुरेसा असतो, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचे महत्त्व कळते.

भारतीय नेमबाजाला याचा अनुभव एकाच वर्षात येऊ शकतो. पावसाळ्यात पुण्याच्या बालेवाडी येथे सराव करणारा खेळाडू काही महिन्यांनी दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंह शूटिंग रेंजवर वेगळ्या हवेत उतरतो. तेल किंवा वॉर्निश लावल्याने लाकडात ओलावा शिरण्याची गती मंदावते, परंतु तो पूर्णपणे थांबत नाही. विशेषतः दस्त्याच्या आतील खाचा आणि स्क्रूंची छिद्रे यांवर लेप लावायचा राहून गेला, तर ओलावा तेथूनच शिरतो.

या समस्येची किंमत युद्धभूमीवरही मोजावी लागली आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने १९६६ पासून व्हिएतनाममध्ये एम-४० ही बोल्ट ॲक्शन रायफल वापरण्यास प्रारंभ केला. तिचा दस्ता लाकडी होता. तेथील दमट हवेत हे दस्ते फुगत आणि वाकत असल्याचे आढळून आले. १९७० च्या दशकात तिची सुधारित आवृत्ती एम-४०ए१ तयार करताना लाकडाऐवजी फायबरग्लासचा दस्ता स्वीकारण्यात आला.

इशापूर ते ॲल्युमिनियम

बैठकीचा विचार आधुनिक काळातच सुरू झाला, असे नाही. भारतात पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात दीर्घकाळ तयार झालेल्या ली-एनफिल्ड जातीच्या .३०३ रायफलींत पुढच्या लाकडाला फार महत्त्व होते. या रचनेत गोळीचा मागे बसणारा धक्का रिसीव्हरमागील लाकडाच्या ठरावीक पृष्ठभागांवर झेलला जात असे. हे पृष्ठभाग झिजले किंवा दबले, की रायफलीचा नेम बिघडत असे. इशापूरच्या अनेक रायफलींत पुढच्या लाकडाला तडा जाऊ नये म्हणून आडवा स्क्रू बसवलेला आढळतो. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने कोचवुड हे तुलनेने मऊ लाकूड वापरताना धक्का झेलण्याच्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या.

त्या काळी नळीला लाकडाचा ठरावीक दाबाने स्पर्श असावा, असा विचार प्रचलित होता. ली-एनफिल्डच्या क्रमांक चार या प्रकारात पुढचे लाकूड नळीच्या तोंडाजवळ तिला खालून वर रेटत असे. हा दाब कायम राहिला तर रायफल उत्तम चालत असे. मात्र लाकडाने आकार बदलला की दाबही बदलत असे.

पुढे लक्ष्यवेधी रायफलींत उलट विचार रूढ झाला. नळीला दस्त्याचा स्पर्शच होऊ द्यायचा नाही आणि सर्व भार रिसीव्हरच्या बैठकीवरच घ्यायचा, ही पद्धत आता सर्वसामान्य आहे. तिला 'फ्री फ्लोटिंग', म्हणजे मुक्त नळी असे म्हणतात.

आधुनिक ॲल्युमिनियम दस्त्यांनी लाकडाचा प्रश्न बऱ्याच अंशी निकालात काढला आहे. त्यांपैकी काहींमध्ये रिसीव्हर इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या खोबणीत बसवला जातो. गोल दांडा अशा खोबणीत ठेवला असता तो दोनच रेषांवर टेकतो आणि त्याला इकडेतिकडे सरकण्यास वाव राहत नाही. किती वेळा काढला आणि किती वेळा बसवला, तरी तो त्याच जागी येतो. लाकडी दस्त्यात हेच उद्दिष्ट साध्य करण्यासाठी इपॉक्सीचा आधार घेतला जातो.

इपॉक्सीची बैठक कशी घडते?

तत्त्व साधे आहे. रिसीव्हरच्या आकाराप्रमाणे लाकूड अचूक कोरणे अवघड असते. त्यामुळे लाकूड मुद्दाम थोडे अधिक कोरायचे आणि उरलेल्या पोकळीत घट्ट होणारा लगदा भरून त्यात रिसीव्हरचाच ठसा उमटवायचा. या लगद्यासाठी काचतंतू अथवा पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेले इपॉक्सी वापरतात.

कुशल कारागीर प्रथम बैठकीच्या जागेवरील लाकूड दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत काढतो. स्क्रूंच्या भोवती ॲल्युमिनियमच्या पोकळ नळकांड्या बसवल्या जातात. त्यामुळे स्क्रू आवळल्यावर त्यांच्यामधील लाकूड चेपले जात नाही. धातू धातूवर टेकतो. या पद्धतीस 'पिलर बेडिंग' म्हणतात.

त्यानंतर येणारा टप्पा सर्वांत जोखमीचा असतो. पोलादाच्या प्रत्येक भागावर इपॉक्सी चिकटू नये म्हणून मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर द्यावा लागतो. रिसीव्हरमधील सर्व छिद्रे आणि खाचा मूर्तिकामाच्या मातीसारख्या मऊ पदार्थाने बुजवाव्या लागतात. यात हयगय झाली, तर इपॉक्सी आत शिरून घट्ट होते आणि रायफल दस्त्यातून निघतच नाही. महागडी रायफल वाचवण्यासाठी दस्ता फोडण्याची वेळ येऊ शकते.

ज्या रायफलींत धक्का पेलण्यासाठी रिसीव्हरखाली पोलादी उंचवटा असतो, त्यात या उंचवट्याची केवळ मागची बाजू इपॉक्सीला टेकणे आवश्यक असते. म्हणून त्याच्या पुढे, बाजूंना आणि तळाला चिकटपट्टीचे एक-दोन थर लावले जातात. काम संपल्यावर पट्टी काढली की तेथे आवश्यक तेवढी फट शिल्लक राहते.

इपॉक्सी भरल्यावर रिसीव्हर हलकेच दाबून बसवला जातो. या वेळी स्क्रू जोराने आवळणे ही सर्वांत घातक चूक मानली जाते. तसे केल्यास रिसीव्हर वाकलेल्या अवस्थेत बसतो आणि तोच वाक इपॉक्सीत कायमचा उमटतो. ज्या ताणापासून सुटका हवी, तोच ताण मग बैठकीत गोठवला जातो. म्हणूनच नळी पुढच्या लाकडाच्या मधोमध राहील एवढा टेकू देऊन रिसीव्हर जवळजवळ स्वतःच्याच वजनाने बसू दिला जातो. साधारण एक दिवसात इपॉक्सी घट्ट होते. पूर्ण कठीण होण्यास काही प्रकारांत अधिक अवधी लागतो.

सुटे केल्यानंतर बाहेर आलेला लगदा कापून काढतात. स्क्रूंची छिद्रे अशी मोकळी करतात की स्क्रूचा दांडा भिंतींना कोठेही लागणार नाही. स्क्रूने केवळ आवळण्याचे काम करावे, धक्का झेलण्याचे नव्हे, असा त्यामागील हेतू असतो.

बैठक बरोबर आहे, हे कसे ओळखावे?

यासाठी एक सोपी चाचणी आहे. डायल इंडिकेटर हे सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण नळीवर बसवून त्याचे टोक दस्त्याच्या पुढच्या भागाला टेकवतात आणि एकेक स्क्रू सैल करतात. बैठक तणावमुक्त असेल, तर काटा जवळजवळ जागचा हलत नाही. हालचाल ०.०५ मिलिमीटरहून अधिक आढळली, तर रिसीव्हर वाकत असल्याचा संशय घेण्यास जागा असते.

नळी मुक्त आहे की नाही, हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी पुरते. ती नळी आणि दस्ता यांच्यामधून रिसीव्हरपर्यंत विनाअडथळा सरकली पाहिजे. रायफल जमिनीवर असताना आणि नेमबाजाने पट्टा ताणून प्रोन स्थिती घेतली असताना, अशा दोन्ही अवस्थांत ही तपासणी करणे इष्ट असते. पट्ट्याच्या ओढीने दस्ता वाकून नळीला टेकण्याची शक्यता असते.

स्क्रू किती आवळावे, यालाही नियम आहे. अंदाजाने आवळण्याऐवजी टॉर्क रेंच वापरून निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणातच ते आवळले जातात. स्मॉलबोअर रायफलींसाठी हे प्रमाण सामान्यतः पाच न्यूटन-मीटरच्या आसपास असते. प्रवासानंतर आणि ऋतू बदलल्यावर ते पुन्हा तपासण्याची शिस्त अनुभवी नेमबाज पाळतात.

सर्व दोष बैठकीचा नसतो

रायफल विखुरलेले नेम देऊ लागली की पहिला संशय बैठकीवर घेणे योग्य नव्हे. सैल झालेला स्क्रू, ढिले पडलेले नेमाचे साधन, नळीच्या तोंडाला पडलेली खोक, साचलेला मळ किंवा काडतुसांचा बदललेला साठा, यांपैकी कोणतेही कारण असू शकते.

स्मॉलबोअर नेमबाजीत काडतुसांचा प्रभाव विशेष मोठा असतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या दोन साठ्यांमध्येही एखाद्या रायफलीतून फरक दिसतो. म्हणूनच एली आणि लापुआ या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर नेमबाज आपली रायफल नेऊन तिला अनुकूल साठा निवडतात.

दोष शोधण्याचा तर्कशुद्ध मार्ग असा. दस्ता काढून केवळ रिसीव्हर आणि नळी शिकंज्यात घट्ट धरून गोळ्या झाडल्या जातात. मग त्याच काडतुसांनी दस्त्यासह चाचणी घेतली जाते. शिकंज्यात गोळ्या एकवटल्या आणि दस्त्यासह विखुरल्या, तर बैठक दोषी ठरण्याची शक्यता अधिक असते. दोन्ही वेळा विखुरल्या, तर इपॉक्सीवर केलेला खर्च वाया जाणार, हे आधीच कळते.

कायदा आणि स्पर्धेचे नियम

भारतात हा विषय केवळ कारागिरीचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकांची निर्मिती, विक्री, रूपांतर आणि दुरुस्ती या व्यवसायांसाठी परवाना आवश्यक आहे. त्यामुळे असे काम परवानाधारक कारागिराकडून अथवा निर्मात्याच्या अधिकृत सेवा केंद्राकडूनच करून घेणे श्रेयस्कर ठरते. घरी प्रयोग करणाऱ्यास कायद्याच्या अडचणीबरोबरच हमी गमावण्याचा आणि रायफल कायमची निकामी होण्याचा धोका संभवतो.

स्पर्धेच्या नियमांत बेडिंगला मनाई नाही. मात्र ५० मीटर रायफलीचे एकूण वजन आठ किलोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. नळकांड्या, धातूची भुकटी आणि इपॉक्सी यांनी वजनात भर पडते. वजनाची मर्यादा गाठत आलेल्या रायफलीच्या बाबतीत हा हिशेब आधीच करावा लागतो.

गुण कोणाचा, चूक कोणाची

चांगल्या बैठकीमुळे नेमबाजाला नवे गुण बहाल होतात, अशी समजूत बाळगणे चुकीचे आहे. श्वासावरील नियंत्रण, शरीराची स्थिरता, वाऱ्याचा अंदाज आणि चाप ओढण्याचा क्षण यांना पर्याय नाही. इपॉक्सीचा थर यांपैकी काहीही शिकवू शकत नाही.

परंतु रायफल भरवशाची नसेल, तर सराव करणाऱ्याला आपली चूक ओळखता येत नाही. गोळी नऊच्या वर्तुळात गेली, ती वाऱ्यामुळे, चापाच्या ओढीमुळे की दस्त्यात सरकलेल्या पोलादामुळे, हे त्याला कळत नाही. मग तो नसलेली चूक सुधारण्यात महिने घालवतो आणि असलेली चूक तशीच राहते. उमेदीची मोजकीच वर्षे हाती असलेल्या खेळाडूसाठी ही हानी एका गुणाहून कितीतरी मोठी असते.

म्हणूनच बैठक पक्की असण्याचे महत्त्व आहे. ती निर्दोष असेल, तर लक्ष्यावरील प्रत्येक नऊ हा नेमबाजाला त्याच्या स्वतःच्या तंत्राविषयी काही सांगतो, आणि त्यातूनच पुढचा दहा घडवता येतो.